दगड आला त्या वाटेने

बोटीवर आम्ही काय केलं, असं सगळे विचारतात. खरं सांगू? काही नाही केलं. सकाळी उठायचं, चहा घ्यायचा, कठड्याशी खुर्ची ओढायची आणि बसायचं. ना भाजी आणायची, ना नळाची वेळ सांभाळायची. तुमच्या आजीला तर आयतं ताट समोर येतंय याचंच अप्रूप! जेवून उठली की सवयीने ताट विसळायला मोरी शोधायची. पण अर्णव, ओवी, बाळांनो, रिकामा माणूस फार बघतो. नोकरीत असताना मुंबईतल्या या आरे दूध वसाहतीतून मी रोज ये-जा केली, पण माझं लक्ष सगळं म्हशींकडे आणि दुधाच्या कॅनकडे. बोटीवर डोळ्यांना दुसरं कामच नव्हतं, म्हणून जे दिसलं ते तुम्हाला सांगतो. चला, पिकनिक पॉइंटपासून छोटा काश्मीरकडे चालत चालत सांगतो. मात्र अंधार पडायच्या आत परत फिरायचं; इथे वाटेवर पहिला हक्क बिबट्याचा, आपला नंतरचा.

मुंबईहून सहलीची मोठी बोट निघणं हे तसं नवं प्रकरण. 2018च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ सुरू झाली. मग 2021च्या सप्टेंबरात कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’ आली. आम्ही लक्षद्वीपच्या अगत्ती बेटाला गेलो ती या दुसरीनेच. 1990 साली बांधलेली, 210 मीटर लांब. बॅलार्ड पियरला आजीने मान वर करून ती पाहिली आणि म्हणाली, “अहो, ही बोट आहे की सोसायटी?”

“आजोबा, एवढं लोखंड तरंगतं कसं?” अर्णव, ते तुला शाळेत सांगतील. घरी गेल्यावर बादलीत स्टीलची वाटी सोडून बघ, निम्मं उत्तर तिथेच मिळेल. त्याहून अवघड प्रश्न असा, की तरंगते ते ठीक, पण लाटेने कलल्यावर ती उलटत का नाही?

हा प्रश्न आजीच्या मनात घर सोडल्यापासून होता. तिचं माहेर कोकणातलं. तिच्या लहानपणी मुंबईला यायचं म्हणजे भाऊच्या धक्क्याची बोट. बंदरापाशी पाणी उथळ, म्हणून बोट लांब उभी राहायची आणि माणसं पडावात बसून तिच्यापर्यंत जायची. आणि कोकणातल्या प्रत्येक घरात ‘रामदास’ची गोष्ट सांगितली जायची. 17 जुलै 1947, आषाढी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसला निघालेली ती बोट वाटेतच वादळी पावसात बुडाली. 600हून जास्त माणसं गेली. तेव्हापासून तिच्या आईने अमावास्येला बोटीत पाय ठेवला नाही, आणि आजीनेही आमचं तिकीट काढण्याआधी कालनिर्णय उघडून तिथी बघितली होती. मी हसलो नाही.

बोट कलते तेव्हा काय होतं, ते नीट ऐका. ज्या बाजूला ती कलते त्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो. पाण्यात जास्त भाग गेला की पाणी त्या बाजूला जास्त जोराने वर रेटतं आणि बोट परत सरळ होते. पण यासाठी बोटीचं वजन खाली असायला हवं आणि जागच्या जागी राहायला हवं. म्हणून इंजिनं, इंधन, पाण्याच्या टाक्या सगळं तळाशी ठेवतात. बोट कलली म्हणून वरची माणसं घाबरून एकाच बाजूला धावली, तर वजनच पळालं. मग पाणी कितीही रेटो, उपयोग नाही. ‘रामदास’वर लाटेने बोट कलल्यावर असंच झालं, असं सांगतात. आताच्या मोठ्या बोटींना पाण्याखाली दोन्ही अंगांना पंख असतात आणि ते लाटेच्या उलट दिशेला वळून डुलणं कमी करतात. म्हणून आजीला बोट लागली नाही. बोट लागते ती पोटामुळे नव्हे, कानामुळे. कानाच्या आत तीन अर्धगोल नळ्या असतात. त्यांतलं पाणी हललं की मेंदूला कळतं, आपण हलतोय. डोळे मात्र खोलीच्या भिंती बघून सांगतात, सगळं स्थिर आहे. दोन साक्षीदारांच्या दोन जबान्या! मेंदू गोंधळतो आणि राग पोटावर काढतो. म्हणून मळमळलं की खोलीत पडून राहायचं नाही, डेकवर येऊन क्षितिजाकडे बघायचं. आजीने तरी पिशवीत आलेपाक आणि आवळासुपारी भरपूर नेली होती. ती शेवटी मीच संपवली.

बंदरातलं गढूळ पाणी मागे पडलं, आणि दुसऱ्या सकाळी उठून पाहतो तर समुद्र निळा. आपल्या किनाऱ्यासमोर समुद्राचा तळ दूरवर उथळच असतो, मुंबईसमोर तर जवळजवळ 300 किलोमीटर. खोली 200 मीटरच्या आत. आपल्या नद्यांचा, खाड्यांचा गाळ तिथे घुसळत राहतो. तो तळ संपला की एकदम हजार-दोन हजार मीटर खाली. तिथे गाळ नाही, फक्त पाणी. पाणी उन्हातला तांबडा रंग पिऊन टाकतं आणि निळा परत पाठवतं. तुम्ही पेल्यात घेतलं तर ते बिनरंगाचंच दिसणार, कारण पेल्याएवढ्या पाण्याला तांबडा रंग पिणं जमत नाही. त्याला मीटर मीटर खोली लागते.

आता माझा आवडता भाग, सूर्यास्ताचा.

त्या संध्याकाळी क्षितिज अगदी स्वच्छ होतं. मी आजीला म्हटलं, “अगं, एक गंमत करू. तू सगळ्यात वरच्या डेकवर जा, मी खालच्या डेकवर थांबतो.” दोघांची एचएमटीची घड्याळं, चावीची. सेकंदकाटे जुळवून घेतले. सूर्याचा शेवटचा ठिपका बुडाला की वेळ लक्षात ठेवायची, एवढंच. शेजारच्या खुर्चीवरचं नवं लग्न झालेलं जोडपं आमच्याकडे बघत होतं. त्यांना वाटलं असेल, म्हाताऱ्यांचं काहीतरी बिनसलंय.

खाली माझा सूर्य बुडाला. वर जाऊन विचारतो तर आजीचा सूर्य माझ्यानंतर पंधराएक सेकंदांनी बुडालेला. घड्याळं बिघडली असतील म्हणून पुन्हा जुळवून पाहिली, तर बरोबर.

कारण सोपं आहे, पण मला ते आजही नवल वाटतं. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे डोळा जितका उंच, तितकं पुढचं दिसतं. पाण्यापासून 10 मीटरवर डोळा असेल तर क्षितिज सुमारे 11 किलोमीटरवर, 30 मीटरवर असेल तर सुमारे साडेएकोणीस किलोमीटरवर. आजी वर होती म्हणून तिला पृथ्वीच्या बाकाखालचं थोडं जास्त दिसत होतं, आणि त्या जास्तीच्या तुकड्यात सूर्य अजून होता. दूरवरून येणाऱ्या जहाजाचा आधी वरचा भाग दिसतो आणि मग पोट, तेही याचमुळे. दहाव्या-अकराव्या शतकातल्या अल् बिरुनीने पंजाबात नंदनाच्या किल्ल्याजवळ डोंगरावरून क्षितिज किती खाली झुकलेलं दिसतं ते मोजलं आणि त्यावरून पृथ्वीची त्रिज्या काढली. त्याच्याकडे एचएमटी नव्हतं, हे आजीने मला दोनदा ऐकवलं.

आणि याहून मोठी फसवणूक पुढे आहे. तांबडा गोळा खालच्या कडेने पाण्याला टेकतो ना, तेव्हा सूर्य खरं म्हणजे आधीच मावळलेला असतो. सगळाच्या सगळा. हवेतून तिरपा येणारा प्रकाश वाकतो आणि क्षितिजाखालच्या सूर्याला वर उचलून दाखवतो. हे उचलणं साधारण अर्ध्या अंशाचं, आणि सूर्याची रुंदीही साधारण अर्ध्या अंशाचीच. म्हणजे ज्याच्याकडे बघत आपण फोटो काढतो तो सूर्य तिथे नसतोच. ओवी, तोंड उघडं टाकू नकोस, डास जाईल.

रात्री जेवणानंतर सगळे गाण्याबजावण्याला गेले. आम्ही दोघं मागच्या अंधाऱ्या कठड्याशी. दिव्यांपासून लांब जावं लागतं, नाहीतर काही दिसत नाही. डोळे अंधाराला सरावले आणि आजीने माझा हात धरला. बोटीने कापलेलं पाणी निळं चमकत होतं. लाट उसळली की चमक, विरली की काळोख.

तो एक जीव आहे, नॉक्टिल्युका नावाचा. एकाच पेशीचा, अर्धा-एक मिलिमीटरचा. पाणी हललं की त्याच्या अंगात दोन रसायनं एकत्र येतात आणि पापणी लवायच्या आत एक निळी ठिणगी पडते. असे लाखो जीव असले की लाट उजळते. 2020च्या नोव्हेंबरात जुहूच्या किनाऱ्यावर अशा निळ्या लाटा आल्या होत्या आणि लोक रात्री गाड्या काढून बघायला गेले होते. पण हा दिवा लावून त्याचा फायदा काय? काही शास्त्रज्ञ म्हणतात, ही चोर आल्याची बोंब आहे. त्याला खायला बारीक कोळंबीच्या जातीचे प्राणी येतात. त्यांनी हात लावला की हा उजळतो, आणि त्या उजेडात एखादा मासा येऊन खाणाऱ्यालाच खातो. आपल्या अरबी समुद्रातल्या जातीच्या पोटात तर हिरव्या शैवालाच्या पेशी भाड्याने राहतात आणि उन्हावर अन्न बनवून घरमालकाला देतात. जोआकिम गोएस आणि हेल्गा गोम्स या शास्त्रज्ञांनी 2014 साली दाखवून दिलं, की समुद्रात प्राणवायू कमी होतो तिथे या जीवाचं फावतं. तेव्हा निळी लाट बघून टाळ्या वाजवाव्या, पण फार नाही.

तिथूनच मी ध्रुवतारा मोजला. हात लांब करून मूठ धरली की आकाशात साधारण 10 अंश झाकले जातात. आरेतून ध्रुव क्षितिजापासून जवळजवळ दोन मुठी वर दिसतो, कारण मुंबई 19 अंशांवर. अगत्तीला पोचेपर्यंत तो मुठीभरच उरला, कारण अगत्ती 11 अंशांवर. 8 अंश कमी झाले आणि मधलं अंतर सुमारे 900 किलोमीटर. आता पाटी घ्या. 8 अंशांना 900, तर पूर्ण चक्कर 360 अंशांना किती? 40 हजारांच्या जरा वर. पृथ्वीचा घेर 40 हजार किलोमीटरच आहे. मुठीने मोजली, बरं का, पृथ्वी.

अगत्तीला मोठी बोट जवळ जात नाही. लांब उभी राहते आणि लोकांना छोट्या बोटींतून नेतात. आजी त्या छोट्या बोटीत पाय टाकताना इतकी खूश झाली, की मला म्हणाली, “हा तर आमचा पडाव!” किनाऱ्यावर पांढरी शुभ्र वाळू. आपल्या जुहूच्या वाळूत दगडाचा चुरा असतो, ही मात्र पोवळ्यांची. आणि हसू नका, तिच्यातली पुष्कळशी माशाची शी आहे. खरंच! पोपटमासा म्हणून एक मासा आहे, त्याला पोपटासारखी चोच. पोवळ्यावरचं शेवाळ खाताना तो पोवळ्याचे लचकेच तोडतो, घशातल्या दातांनी दळतो, पचेल ते पचवतो आणि उरलेली पांढरी पूड मागून सोडतो. मोठा पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू करतो. आजी त्या वाळूवर अनवाणी चालत होती, तेव्हा मी तिला हे सांगितलं नाही. घरी आल्यावर सांगितलं.

पोवळं म्हणजे प्रवाळ. बारीक बारीक जीवांनी बांधलेली चुन्याची घरं. पण या जीवांना ऊन लागतं, म्हणून ते उथळ पाण्यातच वाढतात. मग दोन हजार मीटर खोल समुद्राच्या मधोमध ते कशावर उभे राहिले? हा प्रश्न चार्ल्स डार्विनला पडला, आणि 1842 साली त्याने उत्तर लिहिलं. आधी तिथे ज्वालामुखीचं बेट असतं. त्याच्या काठाने प्रवाळ वाढतं. बेट थंड होत, जड होत हळूहळू खचतं. प्रवाळ मात्र उन्हासाठी वर वर बांधत राहतं. बेट पाण्याखाली गेलं तरी प्रवाळाची कडी वर उरते आणि मध्ये उथळ, हिरवंनिळं पाणी. डार्विनवर लोकांचा विश्वास बसायला शंभरावर वर्षं लागली. 1952 साली प्रशांत महासागरात एनेवेटाक बेटावर खोल भोक पाडलं, तेव्हा 1200 मीटरहून अधिक प्रवाळाचा चुना लागला आणि त्याखाली ज्वालामुखीचा काळा दगड.

थांबा, आता बसू या. या खडकावर बसा. हात लावून बघा, कसा आहे?

काळा, जड, जागोजागी बारीक भोकं. हाही ज्वालामुखीचाच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे डोंगराच्या तोंडातून नव्हे, जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला. एकावर एक थर. आज जे उरलंय तेच पाच लाख चौरस किलोमीटर आहे. सह्याद्री त्याचाच, कळसूबाई त्याचीच, पलीकडे जंगलात कान्हेरीची लेणी त्याच दगडात, आणि अंधेरीला इमारतींच्या गराड्यात उभा असलेला गिल्बर्ट हिलचा खांबाखांबांचा कडाही त्याच घराण्यातला, सहा कोटी वर्षांहून जुना. लोक सेव्हन बंगलोजला जाता येता त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत.

अर्णव म्हणेल, लाव्हा आला कुठून? आजीचं शिलाई मशीन आठवा. सुई एकाच जागी खाली-वर होते, कापड पुढे सरकतं आणि टाक्यांची रांग पडत जाते. पृथ्वीच्या पोटात काही ठिकाणी अशी तापलेली जागा असते, ती साधारण आहे तिथेच राहते. वरची जमीन सरकते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपला महाराष्ट्र त्या सुईवर होता, विषुववृत्ताच्या दक्षिणेला. तेव्हा भारत उत्तरेकडे निघाला होता, वर्षाला 15 सेंटिमीटरच्या आसपास, जमिनीच्या मानाने फार वेगात. महाराष्ट्र पुढे सरकला आणि सुई त्याच्या मागच्या समुद्रतळात टाके घालत राहिली. बहुतेक भूवैज्ञानिक मानतात, की लक्षद्वीप, मग मालदीव, मग चागोस या बेटांखालचे डोंगर हे ते टाके. नकाशा काढून बघा, रांग सरळ उत्तर-दक्षिण आहे. प्रत्येक टाका आधीच्याहून तरुण. त्यावर प्रवाळ चढलं, आणि खालचा काळा दगड झाकला गेला.

म्हणजे आम्ही आरेतून निघालो आणि मजेत, खुर्चीत बसून, ज्या वाटेने हा दगड आला त्याच वाटेने उलटे गेलो! अगत्तीला वाळूवर उभं राहून मला हे आठवलं आणि मी आजीला म्हटलं, “अगं, आपण घराच्याच मागच्या अंगणात आलोय.” ती म्हणाली, “मग एवढं तिकीट कशाला काढलंत?”

सुई अजून चालू आहे. आता ती हिंदी महासागरात रीयुनियन बेटाखाली आहे, तिथला ज्वालामुखी जगातल्या फार जागत्या ज्वालामुख्यांपैकी एक. त्याच्या आधीचा टाका म्हणजे मॉरिशस, साधारण 80 लाख वर्षांचं. एकोणिसाव्या शतकात आपल्या कोकणातून, सातारा-कोल्हापूरकडून माणसं तिथे उसाच्या मळ्यात राबायला गेली, शिडाच्या जहाजांतून, आठवडेच्या आठवडे हाल सोसत. त्यांची पतवंडं आजही तिथे गणपती बसवतात आणि गणेश चतुर्थीला देशाला सुट्टी असते. त्यांना कुठे ठाऊक, की ज्या सुईने त्यांच्या गावचा सह्याद्री घडवला तिनेच ते बेटही घडवलं. मुंबईहून रीयुनियन साडेचार हजार किलोमीटरहून लांब. आमच्या बोटीच्या चालीने आठवड्याचा रस्ता. आपल्या जमिनीला तोच रस्ता यायला साडेसहा कोटी वर्षं लागली, आणि तरी ती थांबलेली नाही. आशियाला जाऊन धडकली म्हणून चाल मंदावली, एवढंच. आता वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर, ईशान्येकडे.

“म्हणजे आत्तासुद्धा आपण सरकतोय?” सरकतोय ना, ओवी. मी दूध योजनेत लागलो त्याला पन्नासेक वर्षं झाली. तेवढ्यात ही आरे अडीच मीटर सरकली, गोठ्यांसकट, म्हशींसकट.

“म्हणजे या खडकापासून त्या झाडापर्यंत?”

अरे, झाडही सरकलंच की! खडक, झाड, तू, मी, सगळे एकदम. म्हणून तर कुणाला कळत नाही. आजी मागून म्हणाली, “मग आधार कार्डावरचा पत्ता बदलायचा का?” हसू नका, ऑस्ट्रेलियाने बदलला. तिथली जमीन वर्षाला 7 सेंटिमीटर सरकते. 1994 साली ठरवलेले नकाशाचे आकडे 2020 येईपर्यंत 1.8 मीटरने मागे पडले, उपग्रहावर चालणाऱ्या यंत्रांचा हिशोब जुळेना, आणि सरकारने अख्ख्या देशाचे आकडे पुढे सरकवून नवे जाहीर केले.